ताटावरची भांडणं आणि अंगावरचं मांस

वाचक लिहितात: माझ्या मिस्टरांना सहा महिन्यांपूर्वी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. वय ६१. तेव्हा वजन ६८ किलो होतं, परवा काट्यावर ६० भरलं. केमो चालू आहे. दिवसभर मी यांच्यासाठी काही ना काही करत असते आणि हे दोन घास खाऊन ताट सरकवतात. आधी मांड्या वाळल्या, मग दंड. कानशिलं आत गेली. लाकडी खुर्चीवर बसवत नाही, हाडं टोचतात म्हणतात. मागच्या आठवड्यात यांना स्ट्रिप दाबून गोळी काढता येईना. स्ट्रिप माझ्यापुढे धरली आणि तोंड फिरवलं. मुलगा म्हणतो प्रोटीन पावडर दे. दीर म्हणतात गोड बंद करा, कॅन्सर त्यावरच पोसतो. मला वाटतं निदान सलाईन तरी लावावं, ताकद येईल. मी यांना पलंगावरून उठूही देत नाही. रविवारी माझा तोल गेला. "तुम्हाला जगायचंच नाही का?" असं ओरडले. हे काहीच बोलले नाहीत. मी कुठे कमी पडतेय?

ताई, गोळीच्या स्ट्रिपची गोष्ट वाचून मी थोडा वेळ थांबले. एवढ्याशा गोष्टीतून त्यांना काय कळून चुकलं असेल, आणि ते बघताना तुमच्या पोटात कसा खड्डा पडला असेल, ते समजतं. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्ही कुठेही कमी पडलेला नाहीत. आणि तेही हट्टानं ताट सरकवत नाहीत.

ते खंगतायत. आपल्या भाषेतला हा नेमका शब्द आहे. डॉक्टर त्याला कॅकेक्सिया म्हणतात. मराठीत टीबीला क्षय म्हणतात, तेही माणूस डोळ्यांदेखत झिजत जातो म्हणूनच. हृदय किंवा मूत्रपिंड दीर्घकाळ निकामी होत गेलं तरी असंच होतं. कॅन्सरमध्ये स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या रुग्णांत हे जास्त दिसतं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्या मानानं कमी. म्हणजे तुमच्या घरात जे चाललंय ते या आजाराच्या स्वभावातच आहे. तुमच्या स्वयंपाकाशी त्याचा संबंध नाही.

आपल्या सगळ्यांच्या मनात एक साधा हिशेब असतो: खाल्लं नाही म्हणून वाळला, खाल्लं की भरून येईल. नुसत्या उपासमारीत तो बरोबरही असतो. निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर काटकसरीला लागतं. आतली शेगडी मंद करतं, चरबी जाळतं, स्नायू जमतील तितके राखतं, आणि पुन्हा जेवण मिळू लागलं की झीज भरून निघते. खंगण्यात ही काटकसरच मोडते. अंगात सतत दाह (इन्फ्लमेशन) धुमसत असतो. त्या दाहापायी यकृत वेगळीच प्रथिनं बनवायच्या मागे लागतं आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल स्नायूंतून उचलला जातो. स्नायूंच्या पेशींत जुनी प्रथिनं मोडीत काढणारी एक यंत्रणा असते. एरवी ती रोजची साफसफाई करते. या आजारात धडधाकट प्रथिनांवरही मोडीचा शिक्का मारत सुटते. मोडणं वाढतं, नवं बांधणं मंदावतं. त्यामुळे अंगावर चरबी असतानाही मांड्या वाळतात. जाड दिसणाऱ्या रुग्णाचे स्नायूही आतून गेलेले असू शकतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता भुकेबद्दल. तुम्हाला मुलगा आहे म्हणून विचारते: पोटुशी असताना सुरुवातीच्या दिवसांत अन्नाचा नुसता वास आला तरी मळमळायचं का? तेव्हा जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक रक्तात खूप वाढलेलं असतं आणि गरोदरपणातल्या उलट्यांशी त्याचा संबंध असल्याचं आता दिसून आलं आहे. मेंदूच्या मागच्या भागात त्याचा निरोप पकडणारा एक वेगळा ग्राहक (रिसेप्टर) आहे, तो २०१७ मध्ये सापडला. खंगणाऱ्या कॅन्सर रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या रक्तात हेच संप्रेरक वाढलेलं असतं. त्या दिवसांत कुणी भरलेलं ताट तुमच्या नाकाशी धरून "खा, खा" म्हणत बसलं असतं, तर तुम्हाला कसं वाटलं असतं? त्यांना तेच वाटतंय, आणि ते तीन महिन्यांत ओसरणारं नाही. इच्छाशक्तीनं त्यावर मात करता येत नाही, आणि तशी अपेक्षा आपण त्यांच्याकडून करूही नये.

अशा घरांत ताटावरून होणारी भांडणं मी फार पाहिली आहेत. ज्याचा जीव जास्त तुटतो तोच जास्त आग्रह करतो. दुसऱ्या बाजूला रुग्ण समोरच्याचं मन राखायला एक घास जास्त खातो, ओकतो, आणि पुढच्या जेवणाची वेळ जवळ आली की झोपेचं सोंग घेतो. म्हणून माझं पहिलं सांगणं जेवणाबद्दलचं नाहीच. रविवारच्या बोलण्याबद्दल त्यांच्याशी बोला. फार लांबण लावायची गरज नाही. "मी घाबरले होते म्हणून ओरडले, तुम्ही मुद्दाम करत नाही हे मला कळलंय" एवढंच पुरे. ताट पुढे करायचं काम दिवसातून एका वेळी मुलाकडे द्या आणि त्या वेळेला तुम्ही त्यांच्याजवळ बसा, अन्नाचा विषय न काढता.

मोठं ताट बंद करा. लहान वाटी, अर्धी भरलेली. दिवसात सहा-सात वेळा. बहुतेक रुग्णांना सकाळी त्यातल्या त्यात बरं वाटतं, तेव्हा सगळ्यात कसदार पदार्थ द्या. गरम अन्नाचा वास फार येतो, कोमट किंवा गार दिलं तर अनेकांना जमतं. संपवलं नाही तर वाटी गुपचूप उचला. किती राहिलं ते त्यांच्यासमोर मोजू नका.

दुसरी गोष्ट तातडीची आहे, म्हणून नीट वाचा. तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही: शौचाला कशी होते? स्वादुपिंड हे अन्न पचवणारी एन्झाइम्स तयार करणारं इंद्रिय आहे. तिथेच कॅन्सर झाला किंवा त्याची नळी बंद झाली की खाल्लेलं पचतच नाही. शौच फिकट, तेलकट, फार घाण वास येणारी होते, पाण्यावर तरंगते, भांड्याला चिकटते. पोट फुगतं, खाल्ल्यावर दुखतं, मग माणूस खायलाच भितो. यातलं काहीही असेल तर उद्याच कॅन्सरच्या डॉक्टरांना "पॅन्क्रियाटिक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतील का?" असं स्पष्ट विचारा. या कॅप्सूल जेवणासोबत घ्यायच्या असतात, पहिल्या घासाबरोबर, आणि जेवण लांबलं तर काही मध्येही. कसदार खाणं असेल तेव्हा मधल्या वेळेलाही. जेवण उरकल्यावर सगळ्या एकदम घेतल्या तर उपयोग कमी होतो. चुकीच्या वेळी घेतल्यामुळे "या गोळ्यांनी काही होत नाही" म्हणून सोडून देणारे रुग्ण असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

याच आजारात रक्तातली साखरही वाढू शकते. साखर फार वाढली तरी वजन उतरतं, म्हणून ती तपासलेली आहे का ते बघा. मग एकदा बॅटरी घेऊन त्यांच्या तोंडात बघा. जिभेवर, गालाच्या आत पांढरा थर असेल तर ती बुरशी असू शकते, तिच्यावर सोपं औषध आहे. पोट साफ होतंय का? वेदनेच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि भरल्या पोटावर कुणाला भूक लागेल? दुखतंय पण सांगत नाहीत, असं आहे का? झोप? मन? भिंतीकडे तोंड करून पडून राहणाऱ्या माणसाला नैराश्य आलेलं असू शकतं आणि त्यावरही उपचार होतो. या एकेका गोष्टीनं चार-दोन घास अडलेले असतात. खंगणं पूर्ण थांबवणारं औषध आज आपल्या हातात नाही, पण हे अडसर दूर करणं हातात आहे, आणि ते बरेचदा राहून जातं, कारण ओपीडीत रिपोर्टवर बोलण्यातच सगळा वेळ जातो.

म्हणून वजन लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. रोज नको, रोजच्या आकड्यानं दोघांचाही धीर खचेल. २०११ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येनुसार सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर त्याला कॅकेक्सिया म्हणायचं. ६८ किलोच्या माणसासाठी ही रेघ साडेतीन किलोच्या आतच येते. यांचे ८ गेलेत, जवळपास १२ टक्के. पायाला सूज असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर काटा खोटं बोलतो, हेही लक्षात ठेवा. वजनाची वही आणि "गोळी दाबून काढता येत नाही" हे वाक्य, दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. स्नायू कमी झालेल्या रुग्णाला केमोचा त्रास जास्त होतो, म्हणून डोस ठरवणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. हाताची पकड हे स्नायूंच्या ताकदीचं एक सोपं माप आहे, डॉक्टर ते यंत्रानं मोजतातही. आहारतज्ज्ञांकडे पाठवा असं तुम्ही स्वतः म्हणा. विचारल्याशिवाय पाठवतीलच असं नाही.

मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. प्रथिनं हवीतच. अशा रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे रोज निदान १ ग्रॅम आणि जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं द्यावीत असं पोषणाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे यांना ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, पेलाभर दुधात ८. नुसत्या जेवणातून हा आकडा गाठणं कठीण जातं, तेव्हा पावडर उपयोगी पडते. मूत्रपिंडाचा त्रास नाही ना, एवढं मात्र आधी विचारून घ्या. पावडर वेगळा पेला भरून देण्यापेक्षा ते जे आवडीनं घेतात त्यात मिसळा. घोट घोट, तासाभरात. पण पावडरीनं मांड्या भरून येतील अशी आशा मुलाला लावू देऊ नका. दाह चालू असताना प्रथिनं स्नायूत पूर्णपणे बसत नाहीत; झीज थोडी हळू झाली, तरी ते यश समजायचं.

दिरांना माझा निरोप सांगा, प्रेमानं. कॅन्सरच्या पेशी साखर भरपूर वापरतात हे खरं. पण साखर तोडली म्हणून त्या उपाशी मरत नाहीत. शरीर स्नायू मोडून त्यातूनही साखर तयार करतं. खाणं तोडलं तर आधी उपास घडतो तो रुग्णाला. मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील तेवढी काळजी घ्यायची. तो नसेल आणि यांना गोड दोन घास जात असतील तर ते खुशाल खाऊ द्या.

सलाईनचं तुम्हाला मनापासून वाटतंय, म्हणून आकड्यात सांगते. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, कॅलरी शून्य. ५ टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० कॅलरीही भरत नाहीत, आणि प्रथिनं काहीच नाहीत. यांची रोजची गरज पंधराशे ते अठराशे कॅलरीची आहे. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तेव्हा सलाईन हवंच, पण ताकदीसाठी ते लावून घेऊ नका. नळीनं किंवा शिरेतून पूर्ण पोषण देणं हा वेगळा विषय आहे. अन्नाचा रस्ता बंद झाला असेल, पण बाकी प्रकृती उपचाराला साथ देत असेल, तर त्याचा विचार होतो. सर्रास सगळ्यांना दिलं तर फायद्यापेक्षा त्रासच होतो, हे अनुभवानं आणि अभ्यासानं दिसलेलं आहे.

आणि त्यांना उठू द्या! हे मी काकुळतीला येऊन सांगतेय. विश्रांतीनं ताकद साठते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण स्नायू वापरला नाही तर तो जातो. धडधाकट ज्येष्ठ माणसांना १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला, असं एका प्रयोगात दिसलं. ती माणसं निरोगी होती. यांच्या अंगात तर आधीच मोडतोड चालू आहे. खुर्चीवर जाड उशी ठेवा म्हणजे हाडं टोचणार नाहीत. त्या खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, तीन वेळा. हातांचा आधार घेतला तरी चालेल. दोन दिवसांनी चार वेळा. पलंगापासून दारापर्यंत चालणं, बसल्या बसल्या गुडघा सरळ करणं, हातात छोटी पाण्याची बाटली घेऊन कोपरातून वाकवणं. दम लागला की थांबायचं. ताप असेल, चक्कर येत असेल, प्लेटलेट्स फार खाली असतील त्या दिवशी नाही. कॅन्सर हाडांत उतरलेला असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय काहीच नको.

औषधांचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचाराल आणि लोकही सुचवतील. स्टिरॉइडनं काही आठवडे भूक लागते, पण तेच जास्त दिवस घेतलं तर मांड्यांचे स्नायू आणखी वाळतात. मेजेस्ट्रॉलनं वजन वाढतं, मात्र ती वाढ बहुतेक चरबीची आणि पाण्याची असते, आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तो धोका मुळातच जास्त. ओलॅन्झापिन हे मुळात मानसिक आजारांचं औषध. पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी वैद्यकीय संस्थेत केमो घेणाऱ्या १२४ रुग्णांत रोज २.५ मिलिग्रॅम इतक्या छोट्या डोसनं १२ आठवडे देऊन पाहिलं. जठर, फुप्फुस, यकृत-स्वादुपिंड अशा कॅन्सरचेच रुग्ण होते ते. औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के जणांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, न घेणाऱ्यांत फक्त ९ टक्क्यांचं. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या सूचनांत हे औषध घेतलं. थोडी गुंगी येते, म्हणून रात्री देतात. यांना चालेल का, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा. स्वतःहून आणू नका.

जपानमध्ये २०२१ पासून अ‍ॅनामोरेलिन नावाची गोळी मिळते. तिच्या मोठ्या चाचण्यांत स्नायूंचं वजन वाढलं, पण हाताची पकड काही सुधारली नाही, आणि युरोपनं तिला परवानगी नाकारली. तुमच्या स्ट्रिपवरून मला हे आठवलं. काट्यावर आकडा वाढणं आणि गोळी काढता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जीडीएफ-१५ अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या इंजेक्शनचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. १८७ रुग्ण होते, सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांचं वजन १२ आठवड्यांत औषध नसलेल्यांपेक्षा पावणेतीन किलोच्या आसपास जास्त राहिलं. अजून ते चाचण्यांतच आहे, पण या आजाराकडे निदान कुणी गांभीर्यानं बघू लागलंय याचं मला समाधान वाटतं.

एक अवघड गोष्ट लिहायची राहिली, आणि ती टाळली तर तुमच्याशी प्रामाणिक राहिल्यासारखं होणार नाही. आजार फार पुढे गेला, केमो लागू पडेनाशी झाली, माणूस बहुतेक वेळ अंथरुणातच राहू लागला, की एक टप्पा असा येतो की काहीही भरवलं तरी शरीर ते वापरू शकत नाही. तुम्ही त्या टप्प्यावर आहात असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. केमो चालू आहे. पण तुम्ही डॉक्टरांना "आता कुठवर आलोय?" असं विचारू शकता, तो तुमचा हक्क आहे. वेदनाशामक उपचारांची (पॅलिएटिव्ह केअरची) टीम आजच बोलावता येते, त्यासाठी शेवटाची वाट बघायची नसते. भूक, मळमळ, दुखणं यांवर सगळ्यात बारकाईनं काम तीच माणसं करतात. आणि तो टप्पा आलाच, तर तेव्हा ग्रॅम मोजायचे नाहीत. चवीपुरता एक चमचा, ओठ ओले ठेवणं, पाय चोळणं. तेव्हा न खाण्यानं ते जात नसतात, जायला निघालेलं शरीर खाणं थांबवतं. हे आधीच माहीत असलं तर मागे राहणाऱ्याच्या मनात "मी एक घास आणखी भरवला असता तर" हे वर्षानुवर्षं टोचत राहत नाही.

आता स्ट्रिपचं. औषधाच्या दुकानात विचारून घ्या की यातल्या कुठल्या गोळ्या आधी काढून ठेवल्या तर चालतात. काही दमट हवेनं खराब होतात, त्या तेवढ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या आणि स्ट्रिपच्या कडेला कात्रीनं छोटा काप देऊन ठेवा, गोळीचा खण मात्र उघडू देऊ नका. बाकीच्या रात्री काढून सैल झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा आणि डबी त्यांच्या उशाशी. सकाळी तुम्ही खोलीत जायच्या आधी त्यांनी आपल्या हातानं गोळी घेतलेली असू दे.